गाडीखाली शिरणाऱ्या पोरांसाठी: गॅरेजमालकांना खुले पत्र

माननीय गॅरेजमालक आणि हेडमिस्त्री यांना,

सप्रेम नमस्कार.

गाड्यांच्या कामातच माझं आयुष्य गेलं. आधी स्वतः पाना चालवला, आता तो कसा चालवायचा हे नव्या पोरांना दाखवतो. हे पत्र त्या पोरांसाठी आहे, कारण ती स्वतः तुमच्याशी हे बोलणार नाहीत. ‘जॅक बसतोय, मी खाली जात नाही’ असं मालकाच्या तोंडावर म्हणायची छाती नव्या हेल्परला नसते. तो गाडीखाली जातो.

इजा झाली की गॅरेजमध्ये पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘लक्ष कुठे होतं तुझं?’ प्रश्न अगदीच गैर नाही. पण दिवसभर वाकून, तेलकट हातांनी, गिऱ्हाईक डोक्यावर उभं असताना काम करणाऱ्याचं लक्ष केव्हा ना केव्हा चुकणारच. ते चुकलं तरी बोट, डोळा आणि जीव वाचावा यासाठी जे लागतं, ते जवळजवळ सगळं तुमच्या हातात आहे. गॅरेजमध्ये कोणतं सामान असावं, कोणता नियम कुणीही मोडायचा नाही आणि एका कामाला किती वेळ द्यायचा, हे पोरगा ठरवत नाही. म्हणून सांगायचं ते तुम्हालाच.

सुरुवात जॅकपासून करतो. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, उचललेली गाडी धरून ठेवण्यासाठी नव्हे. हे सगळ्यांना माहीत आहे, आणि तरी नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली माणूस झोपलेला मी आजही पाहतो. हायड्रॉलिक जॅकमध्ये सगळं वजन आतल्या तेलावर आणि दोन-चार रबरी सीलांवर तोललेलं असतं. सील झिजलं, व्हॉल्व्हमध्ये कचऱ्याचा एक कण अडकला, की गाडी खाली येते. कधी सावकाश, कधी एकदम. त्यातून खाली झोपलेला माणूस स्वस्थ पडलेला नसतो. गंजलेला बोल्ट सोडवायला तो लांब दांड्याचा पाना लावून सगळ्या ताकदीनिशी हिसके देत असतो, आणि तेच हिसके वर उभ्या गाडीला बसत असतात.

म्हणून गाडी उचलली की लगेच तिच्याखाली जॅक स्टँड लागले पाहिजेत. जोडीने, सपाट आणि कडक जमिनीवर, गाडीच्या पुस्तकात दाखवलेल्या जागीच. स्टँडवर त्याची क्षमता लिहिलेली असते, ती वाचता आली पाहिजे. रंग मारताना ती पुसली गेली असेल तर पुन्हा लिहून घ्या. गाडी स्टँडवर टेकवल्यावर, कुणी खाली जाण्याआधी, बाजूने दोन्ही हातांनी तिला जोरात ढकलून पाहायचं. हलायची असेल तर आताच हलू दे. काढलेलं चाक भिंतीला लावून ठेवण्याऐवजी उंबऱ्याच्या पट्टीखाली, म्हणजे दरवाजाखालच्या कडेच्या खाली, आडवं सरकवून ठेवायचं. सगळंच फसलं तरी गाडी त्या चाकावर अडते आणि माणसाला छातीपुरती जागा उरते.

विटा आणि पोकळ सिमेंटचे ठोकळे स्टँड म्हणून वापरू नका. त्यांना तडा जाताना आधी सूचना मिळत नाही. लाकूड वाकतं, कुरकुरतं, निदान आवाज तरी करतं. ठोकळा मात्र क्षणात चुरा होतो.

चाकं अडवण्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण यात जुने मिस्त्रीही फसतात. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो. मागची बाजू उचलली की जमिनीवर टेकलेल्या पुढच्या चाकांना तो ब्रेक नसतोच. ‘गिअरमध्ये टाकली आहे’ किंवा ‘ऑटोमॅटिक आहे, पी ला लावली आहे’ हेही उत्तर पुरेसं नाही. पी ची, म्हणजे पार्किंगची, अडकण गिअरबॉक्सच्या आत असते, प्रत्येक चाकाला वेगळी नसते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं पुढचं एकच चाक उचललं, तर डिफरन्शियलमुळे, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरमुळे, हवेतलं चाक उलट्या दिशेने मोकळं फिरू शकतं आणि जमिनीवरचं चाक पुढे सरकू शकतं. गिअरमध्ये ठेवलेल्या साध्या गाडीचंही तेच. अशा वेळी जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून आणि मागून ठोकळे लावलेले असले, तरच गाडी जागची हलत नाही. पायाशी सापडलेला दगड लावून भागवू नका. उतार दिलेले चार ठोकळे प्रत्येक जॅकशेजारी ठेवा. जवळ असले की लावले जातात, गोदामात असले की लावले जात नाहीत.

मोठी लिफ्ट असलेल्यांनाही एक विनंती. गाडी हव्या उंचीवर गेली की ती थोडी खाली घेऊन लिफ्टच्या यांत्रिक खाचेवर बसवायची, नुसत्या तेलाच्या दाबावर टांगून ठेवायची नाही. इंजिन किंवा मागचा ॲक्सल उतरवला की गाडीचा तोल बदलतो. पुढचं वजन गेलं की शेपूट जड होते. खाली माणूस उभा असताना हे कळणं फार उशिराचं असतं. तो हिशेब हेडमिस्त्रीने काम सुरू होण्याआधी करायचा.

आता किल्ली. गाडीखाली किंवा बॉनेटमध्ये हात घालणाऱ्याच्या खिशात त्या गाडीची किल्ली असली पाहिजे. या नियमाला दमडी लागत नाही, आणि तरी तो मला फार कमी गॅरेजमध्ये पाहायला मिळाला. एकजण इंजिनच्या पट्ट्याजवळ बोटं घालून बसलेला असतो. दुसरा येतो, त्याला गाडी दोन फूट पुढे घ्यायची असते, किंवा काच खाली करायची असते, किंवा सहज सेल मारून पाहायचा असतो. दोघांपैकी कुणीच बेजबाबदार नसतो. दोघांनाही एकमेकांचं काम ठाऊक नसतं, एवढंच. विनाकिल्ली बटणावर चालू होणाऱ्या गाड्यांनी हा धोका वाढवला आहे. त्यांची किल्ली खिशात ठेवून वाकलात तर गाडी समजते की मालक जवळच आहे. अशा गाडीची किल्ली दूर, ऑफिसातल्या खिळ्यावर, काम करणाऱ्याच्या नावाच्या पाटीसह टांगा, आणि स्टिअरिंगवर ‘चालू करू नका’ अशी पाटी अडकवा. ती पाटी ज्याने लावली त्यानेच काढायची. मालकाने घाईत काढायची नाही. हायब्रिड गाडी तर चालू असूनही इंजिन बंद, आवाज नाही, अशा अवस्थेत उभी असते आणि बॅटरी उतरली की आपलं आपण इंजिन सुरू करते. रेडिएटरचा विजेवरचा पंखाही पुष्कळ गाड्यांत किल्ली काढल्यावर चालू होतो, इंजिन गरम असेल तर. पंखा बंद दिसतो म्हणून तिथे बोटं घालू देऊ नका. आधी त्याचा कनेक्टर काढायला लावा.

यानंतरची गोष्ट कमी ठिकाणी बोलली जाते, म्हणून सविस्तर सांगतो. कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच सामाईक नळीतून दाबाखाली डिझेल पुरवणाऱ्या, इंजिनमध्ये इंजेक्टरकडे जाणाऱ्या पाइपांतला दाब १६०० ते २००० बारपर्यंत असतो, काही नव्या इंजिनांत त्याहूनही जास्त. कारच्या टायरमध्ये साधारण दोन ते अडीच बार हवा असते, त्यावरून अंदाज करा. एवढ्या दाबाखाली कुठे केसाएवढी गळती असली तर बाहेर येणारं डिझेल डोळ्यांना दिसत नाही, पण हातमोजा आणि कातडी भेदून ते सरळ आत जातं. जुन्या डिझेल इंजिनांवर शिकलेल्या मिस्त्रीला इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरचा नट ढिला करायची आणि कोणता सिलिंडर मार खातोय ते ऐकायची सवय असते. ही सवय कॉमन रेल गाडीवर चालवू नका आणि कुणाला चालवू देऊ नका. इंजिन बंद केल्यावरही लगेच पाइप सोडायचा नाही, दाब उतरायला पुस्तकात दिलेला वेळ द्यायचा. गळती शोधायची तर लांबून पुठ्ठ्याचा तुकडा फिरवायचा. हात फिरवून गळती शोधायची नाही.

आणि लागलंच, तर काय दिसतं ते ऐका. बोटावर टाचणी टोचल्यासारखा एक ठिपका. रक्त नाही, सुरुवातीला फारसं दुखतही नाही. पोरगा बोट झटकतो आणि कामाला लागतो. हेडमिस्त्री म्हणतो, जा, पट्टी लावून ये. आत मात्र डिझेल स्नायूंच्या आणि कंडरांच्या वाटेने पसरत असतं. काही तासांत बोट सुजतं, निळं पडतं, आणि तोवर शस्त्रक्रियेचा चांगला वेळ हातचा गेलेला असतो. यात बोटं कापावी लागतात. म्हणून ठिपका कितीही बारीक असो, माणसाला त्याच घटकेला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्या, आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा की दाबाखालचं डिझेल आत शिरलं आहे. नुसतं ‘टोचलं’ असं सांगितलं तर त्यांनाही जखम किरकोळ वाटू शकते. सोबत कुणीतरी जाणतं पाठवा, एकट्या पोराला पाठवू नका. ग्रीस गन आणि हायड्रॉलिक पाइपांमुळेही हीच इजा होते.

कंप्रेसरच्या हवेचंही सांगतो. काम संपल्यावर नोझल अंगावर फिरवून कपडे झटकण्याची पद्धत जवळपास प्रत्येक गॅरेजमध्ये आहे, आणि पोरं गंमत म्हणून एकमेकांवर हवा मारतात. ही हवा डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते, कानात गेली तर पडदा फाटतो, जखमेतून किंवा शरीराच्या आत गेली तर जीवावर बेतते. ही गंमत ज्या दिवशी दिसेल त्याच दिवशी सगळ्यांसमोर बंद करा.

ब्रेकची धूळही हवेने उडवायची नाही. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये आणि क्लच प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. पुष्कळ देशांनी त्यावर बंदी घातली, तरी बाजारातल्या प्रत्येक सुट्या भागात ते नाहीच याची खात्री देता येत नाही. ॲस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसात अडकले तर त्यांचा कर्करोग वीस, तीस, चाळीस वर्षांनी उगवतो. आज सोळा वर्षांच्या पोराने घेतलेला श्वास त्याला पन्नाशीत भोवतो. ड्रम उघडल्यावर धूळ ओली करून फडक्याने पुसून घ्यायची, फडकं पिशवीत बंद करायचं, तोंडाला चांगला मास्क लावायचा. एवढंच करायचं आहे.

चालू इंजिनच्या धुराबद्दल सगळ्यांना वाटतं की आपल्याला कळेल. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे थोडासाही पुरतो. आधी डोकं दुखतं, मग मळमळतं, मग पाय जड होतात, आणि त्या अवस्थेत माणसाला उठून बाहेर जावं हेच सुचत नाही. शटर अर्धं वर करणं हा उपाय पुरेसा नाही. सायलेन्सरला नळी लावून धूर थेट बाहेर सोडा, नाहीतर गाडीच बाहेर काढून चालू करा. गॅरेजमध्ये दोघांचं डोकं एकाच वेळी दुखायला लागलं तर उन्हावर, उपासावर ढकलू नका. आधी सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा. डिझेलच्या धुराला तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे.

पेट्रोलने सुटे भाग धुणं बंद करा. हात धुणं तर आधी बंद करा. पेट्रोल उणे चाळीस अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेईल एवढी वाफ सोडतं, म्हणजे आपण काम करतो त्या कोणत्याही हवामानात ते पेटायला तयार असतं. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते. ती उडून जात नाही, जमिनीलगत सरकते आणि गाडीखाली उभं राहून काम करायच्या खड्ड्यात उतरून तिथेच साठते. खड्ड्यात पोरगा, त्याच्या हातात काचेचा बल्ब असलेला हँडलॅम्प, वर कुणीतरी फिल्टर सोडवतंय आणि पेट्रोलचे थेंब पडताहेत. बल्ब फुटला की पुढचं सांगायला नको. खड्ड्यात कमी व्होल्टचा, बंदिस्त एलईडी दिवाच वापरा आणि इंधनाचं काम खड्ड्यावर घेऊच नका. पेट्रोलची रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वेल्डिंगला जास्त धोक्याची असते, कारण भरलेल्या टाकीत पेट्रोल असतं आणि रिकामीत वाफ आणि हवा यांचं मिश्रण. ‘दोन दिवस उघडी ठेवली होती’ हे काही तिच्या सुरक्षिततेचं प्रमाणपत्र नाही. टाकी गळत असेल तर बदला. नळी तोंडात धरून पेट्रोल ओढायला कुणालाही सांगू नका. ते फुप्फुसात गेलं तर न्यूमोनियासारखा गंभीर आजार होतो, आणि गिळलं गेलं तर उलटी करवायची नसते, थेट डॉक्टरांकडे न्यायचं असतं.

वेल्डिंगचा विषय निघालाच आहे म्हणून एक गोष्ट, जी मला स्वतःला पुष्कळ उशिरा एका जाणत्या वेल्डरकडून कळली. ब्रेक साफ करायच्या काही स्प्रेंमध्ये क्लोरीनयुक्त द्रावक असतं. त्याने पुसलेला भाग ओला असताना वेल्डिंग केलं तर उष्णतेने आणि किरणांनी त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरला गेलेला तो हाच वायू. डब्यावरची घटकांची यादी वाचा, क्लोरीन असलेला स्प्रे वेल्डिंगच्या बाजूला ठेवूच नका.

आग विझवायचं नळकांडं ऑफिसच्या कपाटामागे असतं, निदान मी पाहिलेल्या पुष्कळ ठिकाणी. ते बाहेर जाण्याच्या दारापाशी हवं, म्हणजे ते घ्यायला जाणारा माणूस आगीत शिरत नाही, दाराकडे जातो. पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकलं की पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं. कोरडी भुकटी किंवा फेस लागतो. पोरांना ते एकदा प्रत्यक्ष वापरायला द्या. भिंतीवर टांगलेलं यंत्र आयुष्यात पहिल्यांदा आगीसमोर हातात घेतलं तर पिन कुठे आहे हेही सापडत नाही.

बॅटरीबद्दल थोडक्यात. काढताना आधी मायनस, लावताना आधी प्लस. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवायला लावा. पाना किंवा अंगठी प्लस आणि बॉडी यांच्यामध्ये आली की धातू क्षणात लाल होतो आणि बोट भाजून निघतं. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो चार टक्के झाला की ठिणगी पुरते. म्हणून दुसऱ्या गाडीवरून चालू करताना शेवटची वायर उतरलेल्या बॅटरीच्या मायनसला न लावता इंजिनच्या धातूला, बॅटरीपासून लांब लावायची. ॲसिड डोळ्यात गेलं तर निदान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धरायचा आणि मग डॉक्टर. तेवढा वेळ वाहणारा नळ गॅरेजमध्ये कुठे आहे, हे आजच बघून ठेवा.

गरम रेडिएटरचं झाकण कुणी उघडू नये हे लहान पोरालाही माहीत असतं, तरी उघडलं जातं, कारण गिऱ्हाईक थांबलेलं असतं. आतलं पाणी दाबामुळे शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि ते एकदम उसळून तोंडावर येतं. यावरचा उपाय वेळ हाच आहे, आणि वेळ पोरगा देऊ शकत नाही, तुम्ही देऊ शकता. कूलंट सांडलं तर लगेच धुऊन टाका. ते चवीला गोडसर असतं, मुलं आणि कुत्री चाटतात आणि त्यात विष असतं.

सस्पेन्शनची दाबलेली स्प्रिंग कमी पडलेल्या साधनाने उघडू देऊ नका. शॉकॲब्सॉर्बरचा वरचा नट स्प्रिंग कंप्रेसर न लावता सोडला की त्यात साठलेला जोर सगळ्यात आधी समोरच्याच्या तोंडावर येतो. कंप्रेसरचे आटे झिजलेले असतील तर तो फेकून द्या. दुसऱ्याकडून उसनं आणलेलं साधन चालेल, झिजलेलं नाही.

एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला हात लावण्याआधी बॅटरी काढा आणि कंपनीच्या पुस्तकात लिहिलाय तेवढा वेळ थांबा, कारण बॅटरी काढल्यावरही यंत्रणेत साठून राहिलेली वीज एअरबॅग फोडायला पुरते. काढलेली एअरबॅग टेबलावर ठेवताना कुशनची बाजू वर. उलटी ठेवली आणि फुटली तर ती स्वतःच तोफगोळ्यासारखी उडते.

विजेवरच्या आणि हायब्रिड गाड्या आता प्रत्येक गल्लीतल्या गॅरेजमध्ये येऊ लागल्या आहेत. माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे की प्रशिक्षण घेतलेला माणूस नसेल तर त्या गाडीची नारिंगी वायर उघडू नका, गिऱ्हाइकाला सरळ नाही म्हणा. त्या वायरींमध्ये काही शे व्होल्ट असतात, काही गाड्यांत आठशेपर्यंत. घरातल्या विजेचा झटका खाऊन वाचलेल्या माणसाला वाटतं की झटका म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. ही थेट प्रवाहाची वीज आहे, तिच्याशी गाठ पडली तर दुसरी संधी मिळेलच असं नाही. प्रशिक्षित माणूस असला तरी मोठ्या बॅटरीची वीज तोडणारा सर्व्हिस प्लग काढणं, सांगितलेला वेळ थांबणं, मीटरने शून्य व्होल्ट आहे हे स्वतः मोजणं, एक हजार व्होल्टचे रबरी हातमोजे रोज हवा भरून छिद्रासाठी तपासणं, आणि शेजारी दुसरा माणूस उभा असणं, यातलं काहीही वगळता येत नाही.

हातमोज्यांचा विषय निघालाच आहे तर तेही स्पष्ट करतो. तेलाच्या कामाला पातळ नायट्राइलचे मोजे द्या, कारण इंजिनमधून निघालेल्या जुन्या तेलात कातडीला कर्करोग करणारे घटक साठलेले असतात आणि तेलाचं फडकं खिशात कोंबून ठेवायची सवय त्याहून वाईट. पण ग्राइंडर, ड्रिल आणि फिरत्या पट्ट्यापाशी कापडी मोजे घालू देऊ नका. मोज्याचा धागा अडकला की मागोमाग हात जातो. डोळ्यांना चष्मा मात्र सगळ्या कामांना. गाडीखाली झोपून वर पाहणाऱ्याच्या डोळ्यात गंजाची खपली पडणं ही रोजची गोष्ट आहे, आणि ती काढायला तो बोटच वापरतो.

वयाबद्दल बोललं पाहिजे. आपल्या धंद्यात मुलं लहानपणी येतात आणि पाहत पाहत शिकतात, याचा मला अभिमान वाटतो. पण आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७३ सालच्या किमान वयाच्या करारात धोक्याच्या कामासाठी १८ वर्षांची अट घातलेली आहे. बालमजुरीच्या सर्वांत वाईट प्रकारांविरुद्धचा १९९९ सालचा करार तर २०२० मध्ये संघटनेच्या एकूण एक सदस्य देशांनी मान्य केलेला आहे. वर मी जे जे लिहिलं, ते धोक्याच्या कामात मोडतं याबद्दल कुणाचं दुमत होईल असं वाटत नाही. कमी वयाच्या मुलाला गाडीखाली घालू नका. त्याला शिकू द्या, पाने ओळखू द्या, पुस्तक वाचायला लावा.

इतकं सगळं वाचून तुमच्या मनात गिऱ्हाइकाचा प्रश्न येणार हे मला ठाऊक आहे. ‘साहेब दोन तासांत गाडी मागतात, त्यांना काय सांगू?’ इंजिन थंड व्हायला लागणारा वेळ कामाच्या वेळेतच धरा आणि गाडी घेतानाच सांगा. ‘इंजिन गरम आहे, अर्धा तास हात लावणार नाही’ असं मालकाने सांगितलं तर गिऱ्हाईक ऐकतं. तेच पोराने सांगितलं तर त्याला आळशी म्हणतात. म्हणूनच हे वाक्य तुमच्या तोंडून यायला हवं.

याच कारणासाठी आणखी एक मागणं आहे. उद्या सगळ्यांना एकत्र बोलवा आणि सांगा की कुठलाही हेल्पर, कितीही नवा असो, एखादं काम धोक्याचं वाटलं तर हात वर करून ते थांबवू शकतो, आणि त्यासाठी त्याचा पगार कापला जाणार नाही, त्याला कुणी हसणार नाही. मग पहिल्यांदा कुणी थांबवेल तेव्हा, त्याचं म्हणणं चुकीचं निघालं तरीही, त्याला शाबासकी द्या. तिथे चिडलात तर पुन्हा कुणी तोंड उघडणार नाही.

सगळं सामान एकाच महिन्यात आणणं छोट्या गॅरेजला जमत नाही, मला कल्पना आहे. माझ्या मते क्रम असा असावा: आधी स्टँड आणि चाकांचे ठोकळे, मग प्रत्येकाला स्वतःचा चष्मा, मग दारापाशी आग विझवण्याचं नळकांडं आणि सायलेन्सरची नळी, मग मोजे, मास्क, दिवे. किल्लीचा नियम आणि थांबवण्याची मुभा यांना पैसे लागत नाहीत, ते उद्यापासून.

आणि स्टँड येईपर्यंत कुणीही गाडीखाली जाणार नाही, असं ठरवा. त्या आठवड्यात तुमच्याकडचा प्रत्येक जॅक तपासून घ्या. गाडी उचला, खाली कुणी नसताना, चाकाची जमिनीपासूनची उंची मोजून खडूने भिंतीवर लिहा आणि अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. उंची कमी झालेली दिसली तर तो जॅक दुरुस्त करून आणेपर्यंत त्यावर ‘बंद’ असं रंगाने लिहून कुलपात ठेवा.

आपला स्नेही,
एक जुना मिस्त्री